वादळानंतरचे परसदार

वैशाखाचे अखेरचे दिवस आणि ज्येष्ठाचा आरंभ हा तापीच्या खोऱ्यात वाट पाहण्याचा काळ होय. बऱ्हाणपुरात या दिवसांत पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळत असतो. दुपारी रस्ते ओस पडतात, आणि रोहिणी नक्षत्र लागले की दिवस कलता कलता सातपुड्याच्या अंगाला काळे ढग उभे राहू लागतात. अशाच एखाद्या संध्याकाळी धुळीचा लोट उठतो, पंधरा-वीस मिनिटे वारा थैमान घालतो, कधी त्याच्या जोडीला गारा येतात, आणि अंधार पडण्यापूर्वी सारे शांत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नुकसानीचा हिशोब सुरू होतो. तो अर्थातच केळीपासून. बऱ्हाणपूर जिल्ह्यात वीस हजारांहून अधिक हेक्टर जमिनीवर केळी उभी असते. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या योजनेत या जिल्ह्याच्या वाट्याला केळीच आली, यात नवल नाही. निसवलेली केळ घडाच्या भाराने आधीच झुकलेली असते. तिचे खोड म्हणून जे दिसते ते लाकूड नव्हे. ती पानांच्या देठांची एकावर एक बसलेली गुंडाळी असते. वाऱ्याच्या एका झोतात ती मधोमध मोडते, आणि वर्षाची मेहनत घडासकट चिखलात येते. सीमेपलीकडच्या रावेर-मुक्ताईनगरच्या बागांचीही तीच गत होते. मग पटवारी येतात, पंचनामे होतात, उडालेले पत्रे आणि वाकलेले विजेचे खांब मोजले जातात. हे सर्व होणे आवश्यकच आहे.

या हिशोबात एका वस्तीची नोंद मात्र कोठेच होत नाही. घरामागच्या कडुनिंबावर, शेवग्यावर, विहिरीच्या काठच्या उंबरावर, वळचणीच्या भोकांत आणि परसातल्या दोन-चार केळींच्या आडोशाला राहणारी ही वस्ती आहे. साळुंकी, बुलबुल, चिमणी, कावळा, दयाळ, शिंपी, पिंगळा, खार, वटवाघूळ, सरडा, बेडूक असे तिचे नाना जातींचे रहिवासी. त्यांचेही घर त्या पंधरा मिनिटांत गेलेले असते. त्यांचे पुढे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. कारण त्यातला काही भाग वादळाच्या हातात असला, तरी काही भाग माणसाच्या हातात असतो.

वादळ येते ती वेळच या जिवांच्या दृष्टीने वाईट असते. पाऊस पडला की किडे-अळ्या विपुल होतात. ते खाद्य पिलांच्या तोंडी वेळेवर पडावे, म्हणून अनेक पक्ष्यांची वीण पावसाच्या तोंडावरच सुरू होते. मे-जूनमध्ये कावळ्याच्या काटक्यांच्या घरट्यात पिले असतात, आणि त्यांतच कोकिळेचे एखादे पिलूही वाढत असते. कावळ्याची फांदी मोडली की कोकिळेचा वंशही तिच्याबरोबर खाली येतो. कोतवालाचे वाटीसारखे घरटे फांदीच्या टोकाशी असलेल्या बेचक्यात असते. शिंजिराचे लोंबते घरटे तर एका डहाळीच्या आधारावर झुलत असते. दयाळ आणि साळुंकी ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात असल्यामुळे काहीशा सुरक्षित असतात, पण झाडच पडले तर ढोली तरी काय करणार?

वळवाच्या वादळाची रीत समजून घेतली म्हणजे या नाशाचे स्वरूप कळते. तापलेल्या जमिनीवरची हवा वेगाने वर चढते, तिच्यातील बाष्पाचे उंचच उंच ढग बनतात. त्या ढगात पावसाचे आणि गारांचे ओझे इतके होते की त्याच्याबरोबर थंड हवेचा एक प्रचंड लोंढा खाली कोसळतो. जमिनीवर आदळताच तो चहूकडे पसरतो. पहिला झोत येतो तो हा. समुद्रावरच्या चक्रीवादळाची चाहूल वेधशाळेला काही दिवस आधी लागते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या ‘निसर्ग’ वादळाची वार्ता आधीच घरोघर पोहोचली होती. वळवाचे वादळ मात्र तासा-दोन तासांत जन्मते आणि संपते. एका वस्तीवर पत्राही हलत नाही, आणि कोसभर अंतरावरची वस्ती उघडी पडते.

पक्ष्याची झोप आणि वारा यांचे वैर नाही. फांदीवर बसताना पक्ष्याचा पाय मुडपला की पायातील स्नायूबंध ताणले जातात आणि बोटे फांदीभोवती आपोआप आवळली जातात. म्हणून साधा वारा झोपेतल्या पक्ष्याला पाडू शकत नाही. त्याला मारते ते भिजणे. पिसांच्या थरांत धरलेली कोरडी हवा हेच त्याचे पांघरूण. ती पिसे चिंब झाली की त्या इवल्याशा देहातील ऊब भराभर निघून जाते, पंख जड होतात आणि उडणे अशक्य होते. गारांपुढे तर पांघरुणाचाही उपयोग नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीत रब्बी पिकांबरोबरच ठिकठिकाणी पक्षीही मोठ्या संख्येने मरून पडले होते. पोपटांसारखे पक्षी रात्री शेकड्यांनी एकाच झाडावर वस्तीला येतात. त्यांच्यावर गारांचा मारा झाला की एका झाडाखाली थवेच्या थवे पडलेले आढळतात.

या जिवांना वादळाची आगाऊ सूचना मिळते काय, हा लोकांच्या मनातला जुना प्रश्न आहे. मुंग्यांनी अंडी हलविणे, चिमण्यांनी धुळीत लोळणे, कावळ्याने घरट्यासाठी कोणते झाड निवडले, यांवरून पावसाचे अनुमान बांधण्याची रीत ग्रामीण भागात पूर्वापार आहे. यातील प्रत्येक अनुमान खरे ठरेलच असे नाही. तथापि पक्ष्यांची जाण अगदीच निराधारही नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात सोनेरी पंखांच्या एका लहानशा पक्ष्याच्या पाठीवर संशोधकांनी आधीच बसविलेली, प्रवासाची नोंद ठेवणारी सूक्ष्म उपकरणे होती. वादळे शेकडो किलोमीटर दूर असतानाच ते पक्षी आपली जागा सोडून निघून गेले, आणि वादळे सरल्यावर परतले. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा अतिमंद ध्वनी त्यांनी ऐकला असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. परंतु ते पक्षी नुकतेच स्थलांतर करून आले होते, आणि अंड्यांत गुंतले नव्हते. बऱ्हाणपूरच्या परसातील बुलबुलाच्या मादीला वादळ कळले, तरी पिले टाकून ती जाणार कोठे?

मग वाचते कोण? या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर एका सामान्य चिमणीने दिलेले आहे. १ फेब्रुवारी १८९८ रोजी अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स या शहराला पावसाच्या व बर्फाच्या भीषण वादळाने झोडपले. वादळानंतर गारठून पडलेल्या १३६ चिमण्या तेथील ब्राउन विद्यापीठात प्राध्यापक हर्मन बम्पस यांच्या प्रयोगशाळेत आणण्यात आल्या. त्यांपैकी ७२ ऊब मिळताच सावध झाल्या, ६४ मेल्या. बम्पस यांनी प्रत्येक चिमणीची लांबी, वजन, पंखांचा विस्तार, डोक्याचे व हाडांचे माप अशी नऊ मापे घेतली आणि मेलेल्यांची वाचलेल्यांशी तुलना केली. सर्वसाधारण ठेवणीपासून फार दूर गेलेले पक्षी अधिक प्रमाणात बळी पडले, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी सगळी मापे जशीच्या तशी प्रसिद्ध केली. त्यामुळे पुढील शंभराहून अधिक वर्षे शास्त्रज्ञांनी ती पुन्हा पुन्हा तपासली, आणि नर व मादी यांच्या बाबतीत निवडीची रीत वेगवेगळी होती, असे दाखवून दिले. डार्विनने सांगितलेली निसर्गाची निवड एका रात्रीत, एका शहरात, डोळ्यांदेखत घडल्याचे ते उदाहरण ठरले.

अलीकडे त्याच धर्तीचे दुसरे उदाहरण मिळाले आहे. २०१७ मध्ये इर्मा आणि मारिया ही दोन चक्रीवादळे कॅरिबियन भागातील टर्क्स आणि केकोस बेटांवरून गेली. योगायोग असा, की काही संशोधकांनी तेथील सरड्यांच्या एका लहान जातीची मापे त्या आधी थोडेच दिवस घेऊन ठेवली होती. वादळांनंतर ते परत गेले, तेव्हा उरलेल्या सरड्यांच्या बोटांवरील चिकट गाद्या सरासरीने अधिक मोठ्या निघाल्या. फांदी घट्ट धरू शकले ते राहिले, बाकीचे उडून गेले.

या दोन्ही उदाहरणांत वादळाने निवड केली. ती क्रूर होती, पण जे वाचले त्यांच्या अंगी वाचण्याजोगे काही तरी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात जो झाडू, कोयता आणि करवत फिरते, तिला मात्र अशी निवड करता येत नाही. वादळातून तावून सुलाखून निघालेला जीव आणि मरणोन्मुख जीव, दोघेही तिच्या लेखी कचराच. परसातील जिवांवर बसणारा दुसरा घाव हा असतो, आणि तो टाळता येण्याजोगा असतो.

वादळानंतरची पहिली सकाळ नेहमीसारखी गजबजत नाही. प्रथम ऐकू येतात ते कावळे. त्यांचा कलकलाट बहुधा पडलेल्या पिलांभोवती चाललेला असतो. ज्याचे स्वतःचे घरटे गेले आहे तोच कावळा शेजारच्या बुलबुलाचे पिलू उचलताना दिसतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही, त्यालाही त्या दिवशी पोट आहे. अशा वेळी घरातील मुले पिले गोळा करून आणतात. येथे थोडे ज्ञान असले तर पुष्कळ जीव वाचतात. अंगावर पिसे नसलेले, डोळे मिटलेले पिलू घरट्याबाहेर जगू शकत नाही. त्याचे घरटे सापडले तर त्यात, नाही तर तळाशी भोके असलेल्या लहान टोपलीत गवत घालून, ती त्याच झाडाला सावलीत उंच बांधावी. पिसे फुटलेले, टुणटुण उड्या मारणारे पिलू मात्र बहुतेक वेळा अनाथ नसते. त्याचे आईबाप जवळच्या फांदीवर माणूस दूर होण्याची वाट पाहत असतात. त्याला मांजराच्या तोंडून वाचवून जवळच्या झुडपावर ठेवले की काम झाले.

माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते, ही समजूत घराघरांत आहे आणि ती खोटी आहे. पक्षी आपले पिलू वासावरून नव्हे, तर जागेवरून आणि हाकेवरून ओळखतो. भिजून गारठलेल्या मोठ्या पक्ष्याला पाणी पाजण्याची घाई करू नये. चोचीत ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊन तो दगावतो. दूध-पोळीही त्याच्या कामाची नाही. भोके पाडलेल्या खोक्यात मऊ फडके घालून त्याला अंधाऱ्या, उबदार, निवांत जागी तास-दोन तास ठेवावे. पिसे वाळली की तो बहुधा आपणच फडफडू लागतो. पंख मोडला असेल तर वनविभागास कळवावे.

पोपटाच्या पिलाबाबत एक सावधगिरी निराळी आहे. ते हाती लागले की पिंजऱ्याचा मोह होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा पोपट पाळण्यास बंदी आहे. तेव्हा त्याला वाचविणे म्हणजे पुन्हा आकाशात सोडणे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

यानंतर पाळी येते पडलेल्या झाडांची. जुना कडुनिंब किंवा आंबा उन्मळून पडला की दुपारपर्यंत करवत येते. परंतु जुन्या झाडाचे खरे मोल त्याच्या ढोलीत असते. सुतार आणि तांबट हे पक्षी स्वतः लाकूड कोरून घर करतात. पोपट, साळुंकी, दयाळ आणि पिंगळा यांना ते जमत नाही. ते अशा जुन्या घरांत किंवा झाडाच्या कुजलेल्या पोकळीत भाडेकऱ्यासारखे राहतात. ढोली तयार व्हायला झाडाचे अर्धे आयुष्य जाते, मोडायला करवतीची दहा मिनिटे पुरतात.

राखी धनेशाची कथा तर अधिक करुण आहे. वीण जवळ आली की त्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आपल्या विष्ठेने व उष्ट्या फळांच्या लगद्याने दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी राहते. त्या फटीतून नर उंबराची, वडाची फळे तिला भरवीत राहतो. आत असताना तिच्या पंखांची मोठी पिसे गळून पडतात आणि नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. मार्चपासून जूनपर्यंतचा हा काळ वळवाच्या वादळांच्या काळाशी नेमका जुळतो. ते झाड पडले तर ती आई पिलांसह आत बंदिस्त असते, आणि बाहेर नर फळ घेऊन आडव्या खोडाभोवती घिरट्या घालीत असतो. म्हणून पडलेल्या झाडावर करवत चालविण्यापूर्वी त्याची प्रत्येक ढोली पाहून घ्यावी, खोडावर थाप मारून कान द्यावा, आणि एखादा पक्षी पुन्हा पुन्हा तेथे येत असेल तर हात आवरावा. आत जीव असल्यास वनविभागाला बोलवावे. ढोलीचा तुकडा अखंड कापून शेजारच्या झाडाला बांधला तर त्यात पुढच्या वर्षीही संसार होऊ शकतो.

ढोलीचे महत्त्व बऱ्हाणपूर जिल्ह्याइतके क्वचितच कोणाला समजावे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचा १८८४ नंतर शंभरावर वर्षे विश्वसनीय ठावठिकाणा नव्हता. ही जात नष्ट झाली असेच मानले जात होते. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा दिसला. पुढे त्याच डोंगररांगेत, बऱ्हाणपूर जिल्ह्यातील खकनारच्या सागवनातही तो असल्याचे आढळले. तो जंगलाचा रहिवासी, परसात येत नाही. परंतु त्याचा भाऊबंद असलेला ठिपकेवाला पिंगळा मात्र गावातल्या चिंचेवर आणि पडक्या भिंतीत राहतो, रात्रभर उंदीर आणि किडे टिपतो. दोघांनाही घर लागते ते झाडाच्या पोकळीतच. एक इतका दुर्मीळ की त्याच्या शोधाची जगभर वार्ता झाली, दुसरा इतका परिचित की त्याची ढोली सरपणात गेली तरी कोणी विचारीत नाही.

वादळ केवळ घेऊनच जाते असे मात्र नाही. पहिल्या जोरदार पावसाबरोबर जमिनीतून पंखवाल्या वाळवीचे लोंढे बाहेर पडतात. त्या संध्याकाळी कोतवाल, साळुंक्या, चिमण्या, पाली, सरडे आणि बेडूक यांची पंगत एकाच अंगणात बसते. कालच्या उपाशी पक्ष्याला आज इतके सकस अन्न एकदम मिळते. महिनोन्‌महिने मातीत निपचित पडून राहिलेले बेडूक डबक्यांत ओरडू लागतात. मृगाचे लाल मखमली किडे ओल्या मातीवर फिरू लागतात. उन्मळलेल्या झाडाच्या मुळांनी सोडलेल्या खड्ड्यात पाणी साचते. मोडलेल्या केळीच्या खोडांत आणि कुजणाऱ्या पाल्यात किडे, गोगलगाई, गांडुळे वाढतात, आणि त्यांच्यामागे बुलबुल, दयाळ येतात. परसातील केळ आडवी झाली असली तरी तिच्या कंदातून पील डोके वर काढतेच. बागाईतदार त्याच पिलावर पुढची पिलबाग धरतो. पक्ष्यांचेही तसेच आहे. घरटे गेले तरी वीण संपत नाही. मोसमाचे दिवस शिल्लक असतील तर बुलबुल आणि साळुंकीसारखे पक्षी थोड्याच दिवसांत नव्या काड्या वेचू लागतात.

परंतु त्या काड्या परसात उरल्या पाहिजेत. नवे घरटे दडवायला एखादे दाट झुडूप उरले पाहिजे. नेमके हेच पहिल्या दोन दिवसांत नाहीसे होते. पाला एकत्र करून पेटविला जातो, मोडक्या फांद्या गाडीत भरून जातात, अर्धवट झुकलेले झाडही ‘आता काय उपयोग’ म्हणून तोडले जाते. आठवड्याच्या अखेरीस परस लखलखीत होते आणि ओसाडही.

या घाईचे फार मोठे उदाहरण इंग्लंडात घडले. १६ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे आलेल्या वादळाने दक्षिण इंग्लंडातील सुमारे दीड कोटी झाडे पाडली. लोक हळहळले, आणि लगोलग यंत्रे लावून वने साफ करण्यात आली, नव्या रोपांच्या रांगा लावण्यात आल्या. केंट परगण्यातील टॉईज हिल येथील वनाचा काही भाग मात्र पडला तसा राहू दिला गेला. काही वर्षांनी पाहता असे दिसून आले, की अनेक ठिकाणी अवजड यंत्रांनी माती तुडवून आणि उगवती रोपे चिरडून वादळाहून अधिक हानी केली होती. जेथे कोणी हात लावला नाही तेथे पडलेल्या खोडांच्या आडोशाला नवे वन आपोआप उभे राहत होते. त्याच वादळात लंडनजवळच्या क्यू येथील प्रख्यात वनस्पती-उद्यानातील एक जुना ओक मुळांसकट उचलला जाऊन पुन्हा जागीच बसला. तो आता वाचणार नाही असे वाटून त्याला तात्पुरते टेकू देऊन सोडून दिले होते. पुढे तो पूर्वीपेक्षा जोमदार झालेला आढळला. वर्षानुवर्षे माणसांच्या पायांनी घट्ट झालेली त्याच्या मुळांभोवतीची माती त्या धक्क्याने सैल झाली होती. तेव्हापासून त्या उद्यानात जुन्या झाडांच्या बुंध्याशी माती मोकळी करण्याकडे लक्ष दिले जाऊ लागले. ज्या कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत फरशी आणि सिमेंट आणून भिडविले आहे, त्याच्या मालकाने हे उदाहरण अवश्य ध्यानात घ्यावे. वादळात असे झाड पडते, त्यात वाऱ्याइतकाच सिमेंटचा वाटा असतो.

याचा अर्थ परस उकिरड्यासारखे सोडावे असा नव्हे. तुटलेल्या विजेच्या तारा, छपरावर लोंबणाऱ्या फांद्या आणि तुंबलेली गटारे यांची व्यवस्था त्याच दिवशी झाली पाहिजे. तारेला तर जाणकार माणसाखेरीज कोणी हात लावू नये. बिळांत पाणी शिरल्यामुळे साप बाहेर पडतात, म्हणून पाल्यात हात घालण्यापूर्वी काठीने चाचपावे, रात्री दिव्यावाचून परसात जाऊ नये आणि जमिनीवर निजू नये. धामण दिसली तर तिला मारू नये, ती उंदरांचा काळ आहे. नाग, घोणस किंवा मण्यार असल्यास जाणत्या सर्पमित्रास बोलवावे. बादल्या, फुटकी मडकी, टायर यांत साचलेले पाणी ओतून द्यावे, कारण डेंग्यूचा डास वाढतो तो मुख्यतः अशाच भांड्यांत. घराला लागून असलेला खड्डा बुजवावा.

एवढे झाल्यावर उरलेल्या कामाची घाई नसावी. घरापासून आणि अंथरुणापासून दूर, कुंपणाच्या कोपऱ्यात मोडक्या फांद्यांचा एक ढीग पावसाळाभर राहू द्यावा. पाला जाळण्याऐवजी झाडांच्या बुंध्याशी पसरावा. ज्याची अर्धी मुळे अजून जमिनीत आहेत ते झाड फांद्या हलक्या करून, टेकू देऊन, माती लोटून पाहावे. कडुनिंब बुंध्यातून पुन्हा फुटतो. वड-पिंपळाची चिकाटी तर सर्वश्रुत आहे. मेलेले पण धोका नसलेले खोड कमरेएवढे उभे ठेवले तरी सुताराला आणि त्याच्या मागून येणाऱ्या अनेकांना उपयोगी पडते. या कशालाही पैसा लागत नाही. लागतो तो थोडा धीर.

आणि धीर धरून पृथ्वीच्या पोटात काय जिरते हे पाहण्याची दृष्टी या शहराला नवी नाही. जहांगीर बादशहाच्या काळी, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या कारकिर्दीत येथे कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी तापीकडे झिरपत असताना भूमिगत बोगद्यांत अडवून कुंड्यांच्या रांगेने शहरापर्यंत आणण्याची ती योजना होय. वरून दिसतात त्या केवळ विहिरींच्या तोंडासारख्या कुंड्या, सारे काम चालते ते जमिनीखाली. वादळाने पाडलेल्या पाल्याचे, खोडांचे आणि मुळांच्या खड्ड्यांचे कामही असेच डोळ्यांआड चालते. झाडून बाहेर टाकले तर ते वाहून जाते, जागीच मुरू दिले तर पुढच्या चैत्रात पालवीच्या आणि पिलांच्या रूपाने वर येते.

वळवाची वादळे तापीच्या खोऱ्यात येतच राहणार. त्यांना अडविणे कोणाच्या हाती नाही. पडलेल्या झाडाच्या जागी त्याच पावसाळ्यात कडुनिंबाचे, उंबराचे किंवा चिंचेचे एक रोप लावणे, आणि ते मोठे होईपर्यंत जुन्याचे जे उरले आहे ते राखणे, एवढे मात्र प्रत्येक परसाच्या हाती आहे. नव्या रोपाला ढोली पडायला दोन पिढ्या लागतील. तोपर्यंत साळुंकीने, पिंगळ्याने आणि धनेशाने राहायचे कोठे, याचे उत्तर वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी करवत हातात घेतलेल्या माणसानेच द्यावयाचे असते.